मागच्या वाड्यातली पिल्लं (वडोदरा, फेब्रुवारी ते सप्टेंबर)

२३ फेब्रुवारी

आजपासून वही सुरू. कारण सांगायला लाज वाटते पण सांगते. मागच्या मे महिन्यात मी सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकून जाहीर केलं होतं की आमच्या वाड्यात (म्हणजे घरामागच्या परसात) कुठलातरी दुर्मिळ कस्तूर पक्षी आलाय, छातीवर खवले खवले, पाठ तपकिरी, पुस्तकात कुठेच सापडत नाही, ॲप पण दर फोटोला वेगळं नाव सांगतंय, नाशिकच्या मामेसासऱ्यांनी तर अभिनंदन पण करून टाकलं, आणि तिसऱ्या दिवशी त्या दुर्मिळ पाहुण्याच्या तोंडात आमच्या रोजच्या दयाळानी अळी कोंबली. दयाळाचं पिल्लू होतं. काळा-पांढरा कडक दयाळ लहानपणी असा मळकट ठिपक्याठिपक्यांचा असतो हे मला चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

तर यंदाचा प्रकल्प: आपल्याच वाड्यात जन्मलेली पिल्लं नीट ओळखायची. आमचं मांजलपूरचं जुनं टेनामेंट, मागे साधारण २० बाय ३० फुटांचा वाडा, त्यात चिकू, शेवगा, सीताफळ, कढीपत्ता, कुंपणावर मधुमालती, बाकी कुंड्या. सामान म्हणजे ८ बाय ४२ ची दुर्बीण, फोन, आणि मागच्या ओट्यावरचा हिंचका, म्हणजे झोपाळा. हिंचका बंद करून बसायचं, नाहीतर दुर्बिणीतून सगळंच हिंदकळतं.

वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, कुठे, काय दिसलं, आई-बाप कोण, खात्री दहापैकी किती. लेकीनी पहिल्या पानावर लाल पेननी नियम लिहिला, "पिल्लाकडे नाही, त्याला भरवायला कोण येतं ते बघायचं." सातवीतली आहे, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

२५ फेब्रुवारी

पक्षी नाही, मांजा. उत्तरायण (संक्रांतीची पतंगबाजी) जाऊन सव्वा महिना झाला तरी चिकूच्या शेंड्याला, शेवग्याला, केबलच्या वायरीला दोऱ्या लोंबतायत. बांबूला आकडा बांधून सकाळभर ओढत बसले, पिशवी भरली, बोटाला दोन चिरा. काच लावलेली दोरी आहे ही, आता घरटी बांधायला सुरुवात होणार आणि यातच पाय अडकायचे. जे हाताला आलं नाही ते शेजारच्या मासींच्या अगाशीवरून काढलं. मासी म्हणाल्या दर वर्षी मी उत्तरायणला शिव्या देते आणि उंधियू मात्र दोनदा मागून घेते. खरं आहे.

९ मार्च

शेवग्याची एक फांदी वाळलीये, बाबा (सासरे) दोन वर्षं म्हणतायत तोडू या, डोक्यात पडेल कोणाच्या. आज तिच्या खालच्या बाजूला गोल भोक दिसलं, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, आणि खाली ताजा भुसा. दहा मिनिटांत मालक आले. तांबट. टुक टुक टुक टुक करत डोकं हलवत भोक कोरतायत, नवरा-बायको आळीपाळीनी. मराठीत तांबट, गुजरातीत कंसारो, दोन्ही भाषांना याच्या आवाजात तांब्याची भांडी ठोकणारा माणूसच ऐकू आला याचं मला फार बरं वाटतं, आणि शिंपी पक्ष्याचं पण तेच, इकडे तो दरजीडो.

फांदी वाचली. बाबा म्हणाले, "बरं, पावसाळ्यानंतर बघू." मग स्वतःच खुर्ची तिकडे वळवून बसले.

१८ मार्च

मधुमालतीत बुलबुलाची वाटी. तीन अंडी, गुलाबीसर, त्यावर तांबडे शिंतोडे. मी एकदाच फोन वर धरून फोटो काढला आणि ठरवलं की आता परत डोकवायचं नाही, कारण समोरच्या लिंबावर कावळा बसलेला असतो आणि आपण कुठे कुठे मान वाकवतो ते तो बघत असतो. नवऱ्याला हे पटलं नाही. म्हणाला कावळ्याला काय तुझाच उद्योग आहे का? त्याला दुसरा काय उद्योग आहे ते सांग म्हटलं.

३१ मार्च

बुलबुल दोघंही चोचीत काहीतरी घेऊन आत जातायत. म्हणजे फुटली. लांबूनच नोंद.

११ एप्रिल

आज बराच गोंधळ झाला, सविस्तर लिहिते.

सकाळी सातला बुलबुलांचा कालवा ऐकून बाहेर आले तर घरटं रिकामं आणि दोन पिल्लं मधुमालतीच्या बुंध्याशी, एक दिसेना. उडता कुठलंच येत नव्हतं. बुलबुलाचं हे असंच असतं, पंख पुरते तयार व्हायच्या आधीच ती घरट्यातून बाहेर पडतात आणि पुढचे काही दिवस झुडपाझुडपातून टणाटण उड्या मारत मोठी होतात, आई-बाप खाली येऊन भरवतात. पण ज्यानी हे पाहिलेलं नसतं त्याला वाटतं पडलं बिचारं.

तिसरं सापडलं मासींच्या नातवाकडे, बुटाच्या खोक्यात, खाली कापूस, आणि पोरगा ड्रॉपरनी दूध पाजायच्या तयारीत. वेळेवर पोचले. दूध पक्ष्यांना चालत नाही, आणि ड्रॉपरनी पाणी सुद्धा जबरदस्तीनी द्यायचं नाही, जिभेच्या बुडाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं, तिकडे गेलं की संपलं. मासी म्हणाल्या आता तू हात लावलास, माणसाचा वास लागला, आई घेणार नाही. ही समजूत आमच्याकडे पण आहे, माझी आजी पण म्हणायची. तसं काही नसतं, वासावरून पिल्लाला टाकून देणारे आई-बाप हे नाहीत. मी पिल्लू उचललं, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर कढीपत्त्याच्या दाट फांदीत बसवलं आणि सगळ्यांना ओट्यावर आणून गप्प बसवलं. नऊ मिनिटं. नऊ मिनिटं कोणी येईना, मासी माझ्याकडे बघतायत, मी घड्याळाकडे. मग बुलबुल आला, चोचीत किडा, सरळ कढीपत्त्यात.

पोरगा म्हणाला, "ओळखलं तिनी!"

आता ओळख. बुलबुलाचं पिल्लू म्हणजे शेपूट नावालाच, डोक्यावरचा तुरा जेमतेम, काळेपणा फिका, आणि मुख्य म्हणजे बुडाखाली तो गडद लाल रंग नाही, फिकट नारिंगी-गुलाबी काहीतरी, धुतलेल्या गेरूसारखं. चोचीच्या कोपऱ्यांना मऊ पिवळसर किनार. ही किनार बऱ्याच पिल्लांत दिसते, चोच उघडली की आतला रंग आणि ही कड मिळून आई-बापाला जणू पाटी दिसते, इथे टाका. दुर्बिणीतून आधी हेच बघायचं असं ठरवलं, मग शेपटीची लांबी, मग पिसं कशी आहेत, रंग सगळ्यात शेवटी.

खात्री दहापैकी दहा. पहिलीच.

२० एप्रिल

शेवग्याच्या भोकातून डोकं बाहेर. मी घाईघाईनी लिहिणार होते वेगळा तांबट म्हणून, कारण कपाळावर लाल टिळा नाही, छातीवर लाल पट्टा नाही, नुसतं हिरवट-पिवळट तोंड. मग वहीचं पहिलं पान आठवलं. थांबले. आई आली (किंवा बाप, दोघं सारखेच दिसतात), उंबराचं फळ कोंबलं, गेली. लाल रंग यांना नंतर येतो. बाबांनी खुर्चीतूनच विचारलं, "काय गं, तुझा कस्तूर आला का?"

२९ एप्रिल

पोर्चमधल्या दिव्याच्या वायरीला शिंजीराचं लोंबतं घरटं होतं, कोळ्याची जाळी, वाळकी पानं, सालींचे तुकडे असा सगळा कचरा लटकवल्यासारखा. कामाच्या बाईंनी दोनदा झाडूनी काढायचा प्रयत्न केला होता म्हणून खाली चिठ्ठी लावली होती. आज दोन पिल्लं बाहेर. दोन्ही आईसारखीच, वर तपकिरी, खाली पिवळी, आईपेक्षा जरा जास्तच पिवळी. यातला नर कोण मादी कोण, आत्ता काही कळणार नाही, लिहायचं नाही. बाप अजून चकचकीत जांभळा-काळा आहे, विणीनंतर तो पण ते कपडे उतरवून मादीसारखा होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ ठेवतो. ऑक्टोबरमधे सगळे एकत्र जास्वंदीवर आले की ओळखायचं नाटक बघण्यासारखं असणार.

५ मे

एसीच्या बाहेरच्या युनिटवर होला. घरटं म्हणजे दहाबारा काड्या, खालून अंडी दिसतात इतकं आळशी काम, दोन अंडी. यांच्यामुळे बेडरूमचा एसी पंधरा दिवस बंद आहे आणि बाहेर पारा ४२ च्या पुढे, त्यामुळे घरात या विषयावर बोलायचं नाही असं ठरलंय.

१४ मे

होल्यांची दोन्ही पिल्लं दिसायला लागली. विरळ पिवळे केस, मोठी ढब्बू चोच, लेक म्हणाली आजोबांसारखी दिसतात (कुठल्या आजोबांसारखी ते विचारलं नाही). इथे माझा किनार बघायचा नियम चालत नाही. होल्याचं पिल्लू आ वासतच नाही, उलट तेच आपली चोच आईच्या तोंडात घालतं आणि आतून येतं ते पितं. कबुतरं, होले यांच्या गळ्याच्या पिशवीत दुधासारखं पातळ-घट्ट काहीतरी तयार होतं, आई आणि बाप दोघांच्याही. म्हणजे इथे बाप पण दूध पाजतो. हे मी जेवताना सांगितलं, मुद्दाम, नवऱ्याकडे बघून.

पंख फुटल्यावर ओळखायची खूण: मोठ्या होल्याच्या गळ्यावर काळ्या ठिपक्यांची जाळी असते, पिल्लाच्या नाही.

१९ मे

४३. नोंद घेण्यासारखं काही नाही, सगळे पक्षी चोच उघडी टाकून सावलीत. मातीचं पसरट भांडं ठेवलंय, मधे दगड, म्हणजे पिल्लू पडलं तरी बुडणार नाही. लिंबावर पावशा दुपारभर ओरडतोय, "पेरते व्हा, पेरते व्हा", आवाज दर वेळी एक पट्टी वर चढवत, आणि पेरायला ढग कुठेयत? मासींकडे हा बपैयो. बाबांचं म्हणणं हा पक्षी त्यांच्या लहानपणी दांडिया बाजारच्या वाड्यात पण असाच डोकं उठवायचा.

२ जून

दयाळ! मागच्या भिंतीत एक जुना पाइप बुजवायचा राहिला होता, त्यात यांनी संसार केला. आज तीन पिल्लं तुळशीजवळ. तपकिरी, छातीवर खवले, अगदी माझा कस्तूर. फोटो काढून त्याच ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं "दयाळ, वय साधारण दोन आठवडे, आई-बाप हजर". मामेसासऱ्यांनी अंगठा पाठवला. बस, हिशोब पूर्ण.

१५ जून

समोरच्या लिंबावर कावळ्याच्या मागे मागे एक काळं पिल्लू फिरतंय, पंख थरथरवतंय, कर्कश ओरडतंय, कावळा भरवतोय. वहीतल्या नियमाप्रमाणे: आई-बाप कावळा, म्हणून पिल्लू कावळा, खात्री नऊ. लिहून सुद्धा टाकलं.

मग दुपारी ते खालच्या तारेवर आलं. अंगावर पांढुरके ठिपके, पंखांना बारीक पांढऱ्या कडा, शेपूट कावळ्यापेक्षा लांब. कोकीळ. आता यात माझं काय चुकलं? कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते हे तर बालवाडीत शिकलोय, पण समोर दिसल्यावर डोळ्यांनी काळा रंग पाहिला, कावळा भरवताना पाहिला, आणि डोकं बंद. पाठ केलेलं आणि पाहिलेलं वेगवेगळ्या कप्प्यांत असतं बहुतेक. पिल्लाचे डोळे पण मोठ्या कोकिळेसारखे लालभडक नव्हते.

लेकीनी लाल नियमाच्या पुढे "पण" लिहिलं आणि जागा सोडली. तिला अजून काहीतरी घडणार असं वाटतंय.

६ जुलै

पाऊस तीन दिवस सलग, आज उघडला. सकाळी चिकूवर शिकारी पक्षी. राखी-तपकिरी पाठ, पांढुरकी छाती, त्यावर तपकिरी थेंबांच्या उभ्या रांगा, शेपटीवर पट्टे. माझ्या हाताला घाम. कमाटीबागेत मी शिक्रा पाहिलाय, पण मोठा, निळसर राखाडी पाठीचा, लाल डोळ्यांचा, छातीवर आडव्या बारीक रेघा. लहान शिक्रा मात्र तपकिरी असतो आणि त्याच्या छातीवर असेच थेंब असतात. ॲपनी पण शिक्राच सांगितलं. मासींना भिंतीवरून दाखवला, त्या म्हणाल्या, "आ तो शकरो छे, बेन!" दोन मतं जुळली.

फक्त एक गोष्ट बसेना. खाली सातभाईंची टोळी पालापाचोळा उलटत होती आणि कोणी घाबरत नव्हतं. शिक्रा डोक्यावर बसलाय आणि सातभाई गप्प? हे लोक साधं मांजर दिसलं तरी अख्ख्या सोसायटीला सांगतात.

शिक्रा, खात्री सहा.

७ जुलै

पावणेसात. तोच पक्षी, तीच फांदी. आणि किरकिरतोय, की-की, की-की, पंख थरथरवत. शिकारी पक्ष्याचं पिल्लू कावलंय म्हणून आई येणार असं समजून मी आकाशात बघत बसले. आली ती खालून. सातभाई, चोचीत हिरवी अळी, टुणटुण करत फांदीवर चढली आणि त्या "शिक्र्या"च्या घशात तिचं अर्धं डोकं गेलं, मला वाटलं आता गिळतोय तिलाच. मग दुसरी आली. मग तिसरी.

हिंचका एवढा जोरात हलला की दुर्बीण पडता पडता वाचली.

पावशा! मग नीट पाहिलं, जे काल पाहायला हवं होतं. चोच सरळ, टोकाला शिक्र्यासारखा आकडा नाही. डोळ्याभोवती पिवळं कडं. पाय बारीक, नख्यांचा रुबाब नाही, आणि फांदी पकडताना दोन बोटं पुढे, दोन मागे, कोकीळ कुळातल्या सगळ्यांची असतात तशी. मोठा पावशा सुद्धा शिक्र्यासारखाच दिसतो आणि तसाच उडतो, त्यामुळे बाकीचे पक्षी दचकतात, हे वाचलं होतं. म्हणजे मे महिन्यात लिंबावर बोंबलणारा तो उगाच पाऊस मागत नव्हता, त्याचं दुसरं काम पण चालू होतं.

रकान्यात "आई-बाप कोण" इथे पेन अडलं. सातभाई लिहिलं तर खोटं, पावशा लिहिलं तर त्यांना तर मी आज पाहिलंच नाही. लेकीनी पट्टीनी रकान्याचं नाव खोडून वर "भरवणारे" लिहिलं. मग मागची सगळी पानं पण बदलायची म्हणून बसली, रविवार गेला तिचा.

१० जुलै

टोळी मोजली. आठ मोठे सातभाई, पांढुरक्या डोळ्यांचे, ते रागीट डोळे. शिवाय दोन जण जे आकारानी जवळजवळ तेवढेच पण डोळे काळेभोर. सातभाईंची पिल्लं ओळखायची हीच सोपी खूण, डोळे लहानपणी गडद आणि मग फिके होत जातात. म्हणजे पावशाच्या पिल्लाबरोबर टोळीची स्वतःची दोन पिल्लं पण आहेत. मला हे जमेना, कारण पावशाचं पिल्लू अंड्यातून निघालं की यजमानाची अंडी बाहेर ढकलतं ना? पण तसं दर वेळी होत नाही, एकोणिसाव्या शतकात जर्डन नावाच्या लष्करी डॉक्टरनी सुद्धा पावशाची पिल्लं सातभाईंच्या पिल्लांबरोबर फिरताना पाहिल्याचं नोंदवलंय. किंवा ती दोन दुसऱ्या घरट्यातली असतील, टोळी एकच, घरटी दोन, मी काही घरट्यात डोकावले नव्हते. खात्री पाच, आणि पाचच राहू दे.

वीस मिनिटांत पावशाला १४ घास, काळ्या डोळ्यांच्या दोघांना मिळून ६. ओरडण्याची किंमत आहे.

मासी रोज सकाळी चहा घेऊन भिंतीशी उभ्या राहतात आता. आज म्हणाल्या, "आवडो मोटो ने हजी खवडाववुं पडे?" (एवढा मोठा आणि अजून भरवावं लागतं?) आणि मग आपल्याच घराकडे, जिथे त्यांचा तीस वर्षांचा मुलगा झोपलेला होता, तिकडे बघून गप्प झाल्या.

२२ जुलै

वांग्याच्या पानात शिंप्यानी शिवलेलं घरटं होतं, तीन टाके मी स्वतः मोजले होते. काल रात्रीच्या पावसात रोप आडवं झालं. अंडी फुटली. दोघं सकाळभर त्याच कुंडीवर टुविट टुविट करत होते. जास्त लिहीत नाही.

४ ऑगस्ट

पावशा आज एकटाच दिसला, स्वतः सुरवंट खात होता, केसाळ, जो सातभाईंनी पण सोडला असता. फांदीवर आपटून आपटून गिळला. टोळी दोन घरं पलीकडे होती, तो गेला नाही तिकडे. महिन्याभराचा मुक्काम.

७ सप्टेंबर

वहीची चार पानं उरलीयत आणि परत तीच टोळी. या वेळी त्यांच्यामागे काळपट-तपकिरी पाठीचं, खालून मळक्या पांढऱ्या रंगाचं, पंखावर छोटासा पांढरा डाग असलेलं, लांब शेपटीचं. डोक्यावर नुकताच उगवतोय असा तुरा. मी या वेळी शिक्रा, कस्तूर, काही म्हटलं नाही. पायाची बोटं बघितली, दोन पुढे, दोन मागे. मग चोच. मग तुरा. मग जून अखेरीस तारेवर बसलेला तो काळा-पांढरा तुरेवाला आठवला ज्याची मी फक्त तारीख लिहून ठेवली होती, २७ जून, "चातक, पाऊस आला". चातक पण अंडी सातभाईंच्याच घरट्यात घालतो, आणि अंडं त्यांच्यासारखंच निळं.

म्हणजे या आठ जणांनी एका हंगामात दोन परकी पोरं वाढवली, आपली दोन सांभाळून. बाबा खुर्चीतून म्हणाले, "चातक म्हणे फक्त पावसाचं पाणी पितो, आणि पोरं मात्र दुसऱ्याच्या खर्चानी."

चातक, पिल्लू. भरवणारे: सातभाई, चार जण पाहिले. खात्री आठ. नऊ लिहिली असती पण शिंतोडे आले आणि लेक वही उचलून आत पळाली.